शेऱ्याच्या रकान्यातले बगळे

सोमवार उजाडला की अजूनही माझा हात सदऱ्याच्या खिशात खडू चाचपतो. शाळेतला खडू नव्हे. शाळेशी माझं पाचवीतच संपलं. वडील गेले, घरात मोठा मी, मास्तर दोनतीनदा घरी येऊन आईला समजावून गेले, पण मी काही परत गेलो नाही. खडूशी पुढे जो आयुष्यभराचा संबंध आला तो विहिरींमुळे. मी सरकारी विहिरी मोजत असे. म्हणजे विहिरी गावांच्याच, मोजणं तेवढं सरकारी.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे, खडक कोणत्या जातीचा आहे, हे शोधणाऱ्या सरकारी खात्याची एक लहानशी तुकडी पनवेलला येऊन राहिली होती. मी मूळचा वैनगंगेच्या काठचा. नागपूरकडे अशाच एका तुकडीत सामान वाहायला होतो. ते काम संपलं तेव्हा तिथल्या बाबूने विचारलं, "पनवेलला जातो का?" पनवेल कोणत्या दिशेला आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो.

हो म्हणायला कारण होतं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी दोनदा 'काम संपलं' म्हणून गावी परतलो होतो. बायको माहेरीच राहायची. तिला घ्यायला गेलो की सासरे तोंडाने एक शब्द वावगा बोलायचे नाहीत. फक्त पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायचे नाहीत, ओट्यावर ठेवायचे. वाटलं तर घे, अशा बेताने. मला जगात वाघाची भीती वाटली नसेल एवढी त्या तांब्याची वाटायची. पनवेलची नोकरीही हंगामीच होती, पण मार्चअखेर आमच्यातल्या एकाला पुढे ठेवायचं, असं साहेब म्हणाले होते. बाकीच्यांना नारळ.

कचेरी म्हणजे तळ्याजवळचं एक भाड्याचं घर. पुढच्या खोलीत साहेब, मागच्या खोलीत आम्ही. खिडकीच्या फळीवर दगड मांडलेले असत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. पहिल्याच दिवशी मी त्यातला एक चटणी वाटायला घेतला आणि जमादारांनी तो माझ्या हातातून असा हिसकावला की जणू देव्हाऱ्यातला बाळकृष्णच उचलला होता.

जमादार साताऱ्याकडचे. खात्यात केस पांढरे झालेला माणूस. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माझं बोलणं ऐकून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला 'वैनगंगा' हे नाव ठेवलं. मी 'का' म्हणायच्या ठिकाणी 'काऊन' म्हणायचो, त्याची तर ते कचेरीभर नक्कल करायचे. "काय वैनगंगा, पोचली का आज समुद्राला?" असं संध्याकाळी मी सायकलवरून परतलो की ठरलेलं.

साहेब पुण्याचे, तिशीतले. सगळ्यांना अहोजाहो करायचे, अगदी सामान वाहणाऱ्या खलाशालासुद्धा. त्यामुळे ते रागावले की जास्त धास्ती वाटायची. 'तू' म्हणून शिवी देणाऱ्या माणसाचा राग तिथेच संपतो. 'तुम्ही' म्हणणाऱ्याचा कुठे संपेल ते कळत नाही.

काम असं होतं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाची एक खूण. पोलादी टेपच्या शेवटच्या दोनतीन फुटांना खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, वरचा एक पुरा फुटाचा आकडा खुणेवर धरायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथला आकडा वरच्या आकड्यातून वजा करायचा. खुणेपासून पाणी किती खाली आहे ते निघतं. ऐकायला सोपं. पण फूट बारा इंचांचा असतो आणि मी वजाबाकी शिकलो होतो दहाची. हातचा बारा घ्यायचा हे माझ्या डोक्यात ठसेना. शेवटी एक युक्ती सापडली. अंगठा सोडून हाताच्या चार बोटांची पेरं मोजली तर बरोबर बारा होतात. अंगठा पेरांवरून फिरवत मी इंच मोजायचो. जपमाळेसारखं. एका आकड्याला तीनदा जप.

वहीत रकाने होते: दिनांक, वेळ, खोली आणि शेवटी 'शेरा'. साहेब म्हणाले होते, "शेऱ्यात दिसेल ते लिहा. म्हशी धूत असतील तर म्हशी. उपसा चालू असेल तर उपसा. रकाना रिकामा ठेवू नका." हे मी फार मनावर घेतलं. रिकामा रकाना दिसला तर नोकरी जाईल असंच मला वाटायचं. त्यामुळे शेऱ्यात मी काहीही लिहायचो. सुकापूरच्या विहिरीपुढे लिहिलं होतं, 'कठड्यावर मांजर'.

सोमवारच्या माझ्या फेरीत सहा विहिरी होत्या. पाच निमूट होत्या. मार्गशीर्षापासून पाणी दर आठवड्याला इंच, दीड इंच खाली जायचं, उन्हाळ्याकडे जायचंच. सहावीने मात्र माझा जीव खाल्ला.

ती बेलपाड्याच्या पुढे, खाजणाच्या, म्हणजे दलदलीच्या, बांधापासून काही पावलांवर होती. तिथले लोक विहिरीला 'बाव' म्हणतात. बांधावरून सायकल हातात धरून जावं लागे. एका अंगाला भाताची खाचरं, कापणी होऊन उघडी पडलेली. दुसऱ्या अंगाला नदी. मी तिला नदीच समजत होतो. रुंद पाणी, काठाला झाडी, होड्या, म्हणजे नदीच ना? आमच्याकडे वैनगंगा आहे, मला नदी कळत नाही का? फक्त ही नदी जरा विचित्र वाटायची. एखाद्या सोमवारी काठोकाठ, एखाद्या सोमवारी नुसता चिखल, आणि त्या चिखलात पांढरे बगळे ओळीने उभे, चोची खुपसत. वर कुठे धरण असेल, पाणी सोडत असतील, अशी मी माझी समजूत घातली. शेऱ्यात लिहायला काहीतरी मिळालं याचाच आनंद. 'नदीत बगळे', असं लिहायचो. पुढच्या खेपेला 'बगळे नाहीत'.

पहिल्या सोमवारी त्या बावीचं पाणी खुणेखाली दहा फूट चार इंच निघालं. दुसऱ्या सोमवारी अकरा फूट दोन. मला वाटलं, गेलं पाणी. तिसऱ्या सोमवारी दहा फूट सहा! मी पेरांवर पाचदा मोजलं. टेप पुसून, पुन्हा खडू लावून सोडली. दहा फूट सहा. चौथ्या सोमवारी अकरा फूट चार. पाऊस नाही, कालवा नाही, आणि बाव एका आठवड्याला वर, एका आठवड्याला खाली.

सकाळी निघून मला तिथे पोचायला अकरा वाजायचे. तेव्हा एक म्हातारी बाई बहुतेक तिथे असायचीच. मिठागरातल्या घरची, कासोटा घातलेली, कळशी कमरेवर. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "काय रं बाला, दर सोमवारी बावीत काय हरवतं तुजं?"

मी म्हटलं, "काही नाही माय, पाणी मोजतो."

"माय?" ती हसली. "मी तुजी माय कंदी झालू? आनि पानी मोजून काय करनार? सरकार पानी पन वाटून देनार काय आता?"

आमच्याकडे कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला माय म्हणतात, हे तिला सांगितलं. तेव्हापासून ती मला बघितलं की लांबूनच ओरडायची, "आला गं, मायचा लेक आला टेप सोडायला!" आणि बाकीच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मी टेपमध्ये मान घालायचो. तिला एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला वाटायचं, मी सरकारचा माणूस, आकडा मला ठाऊक असायला हवा. गावाला काय विचारायचं?

साहेब दर महिन्याला प्रत्येक विहिरीचा आलेख काढायचे. पाच आलेख घसरगुंडीसारखे उतरत गेले. सहावा करवतीसारखा. तो बघून त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मी रात्रभर उशाला घेतलं.

मामांना सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "वैनगंगे, तू विहीर मोजतोस का साहेबाचं डोकं उठवतोस? आकडा कसा पाहिजे? वाचता वाचता साहेबाला डुलकी लागली पाहिजे. मागच्या आठवड्यापेक्षा एक इंच खाली. झालं."

"पण मामा, टेप..."

"टेप साहेबाला दिसते का? कागद दिसतो. बाभळीच्या सावलीला बसून मी वर्षानुवर्षं पाणी मोजलंय. एका विहिरीने तक्रार केली नाही."

सातव्या सोमवारी मी गेलो तेव्हा बावीवर बायकांची गर्दी होती. त्या भरून जाईपर्यंत थांबलो. टेप सोडली. दहा फूट नऊ इंच. मागच्या सोमवारी अकरा फूट सहा लिहिलेलं. म्हणजे पुन्हा उडी, पुन्हा करवत. मी कठड्यावर बसलो. साहेबांची नजर दिसली, ओट्यावरचा तांब्या दिसला. पेन्सिल ओली करून मी लिहिलं: अकरा फूट सात. मामांनी सांगितला तसा, एक इंच खाली. शेऱ्याचा रकाना समोर होताच. तिथे हात आपोआप चालला, 'बगळे नाहीत'. खोटं लिहायचं तर सगळीकडे लिहावं लागतं, एवढी अक्कल मला नव्हती.

परत येताना सायकल जड झाली होती. टेप तीच, मी तोच, पण वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस माझ्या वहीत डोकावतोय असं वाटत होतं. पुढच्या दोन सोमवारी मी खरे आकडे लिहिले. खोट्याने झोप लागत नव्हती आणि खऱ्यानेही लागत नव्हती, मग निदान खरं तरी.

नवव्या सोमवारनंतर साहेबांनी बोलावलं. टेबलावर तो करवतीचा कागद होता.

"बसा," म्हणाले. मी बसलो नाही.

"ही विहीर आठवड्यात जवळजवळ फूटभर वर येते, पुढच्या आठवड्यात तेवढीच खाली जाते. पाणी गोड आहे, मी स्वतः पिऊन बघितलंय. म्हणजे खाडीचा संबंध नाही. मध्ये काळा पाषाण आहे, त्यातून पाणी झिरपत नाही. मग हे काय आहे?"

"माहीत नाही साहेब." खाडी हा शब्दही मला कळला नव्हता.

"तुम्ही तिथे जाता का?"

एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. "जातो साहेब," म्हणालो, पण ते मलाच खोटं वाटलं, कारण वहीत एक आकडा माझा होता.

"सातव्या आठवड्याचा आकडा तेवढा मला पटतो," साहेब म्हणाले. "बाकीचे पटत नाहीत. मार्चअखेर मला एकच नाव पाठवायचं आहे. पुढच्या सोमवारी नीट मोजून या. मग बघू."

बाहेर आलो आणि तळ्याच्या पायरीवर बसलो. आठ आकडे घाम गाळून आणलेले, ते खोटे ठरले. एक बसल्या जागी रचलेला, तो खरा ठरला. कुणाला सांगणार? आणि काय सांगणार?

त्या सोमवारी मी बावीवर पोचलो तेव्हा म्हातारी दोर ओढत होती. माझं तोंड बघून तिने आज ओरडा केला नाही.

"काय झाला रं?"

"काही नाही माय. ही बाव माझी नोकरी खाणार आहे."

"बाव कशी खाईल?"

मी सगळं सांगितलं. सोमवारी वर, सोमवारी खाली. ती ऐकत राहिली, मग कळशी कठड्यावर ठेवून हसत सुटली. इतकी हसली की खोकला लागला.

"आरं येड्या, भरतीला बाव फुगते, सुकतीला बसते. आमच्या नागड्या पोरांना पन ठावं हाय. भरतीला दोर कमी लागतो, म्हनून तर बाकीच्या बाया तवा गर्दी करतात. उन्हाल्यात सुकतीला कलशी तलाला आपटते."

"भरती कसली?"

"कसली म्हंजे? खारीची!" तिने बांधापलीकडे हात केला. "ती नदी हाय असं वाटला काय तुला? ती खारी. समुद्राचा हात हाय तो. दिसातून दोनदा वर येतो, दोनदा मागं जातो."

मी वळून बघितलं. चिखल होता. बगळे ओळीने उभे होते.

"पण मी दर सोमवारी एकाच वेळेला येतो माय. मग एका सोमवारी वर आणि एका सोमवारी खाली काऊन?"

"तुजा सोमवार बावीला काय ठावं? ती आवस-पुनव बगते." तिने बोटाने आभाळात सूर्याची वाट दाखवली. "आवसेला आनि पुनवेला सूर्य डोक्यावर आला का भरती. आठमीला उगवता आनि मावलता भरती, डोक्यावर आला का सुकती. आज काय हाय? सष्टी, आठमी जवल आली. मग? बग तुजा टेप सोडून."

टेप सोडली. अकरा फूट आठ.

मी तिच्या पाया पडलो. ती मागे सरकली. "ऊठ, ऊठ! पानी भरू दे मला. आनि नोकरी गेली तर ये मिठागरात, मीठ मोजशील."

परत येताना बांधावर सायकलवर बसायची मनाई होती तरी बसलो. पडलो, गुडघा फुटला, हसत उठलो. कचेरीत शिरलो तेव्हा साहेब जेवत होते. मी दारातच बोलायला लागलो आणि एवढं भरभर बोललो की ते दोनदा म्हणाले, "सावकाश. मराठीत सांगा." मी मराठीतच सांगत होतो, आमच्याकडच्या.

साहेबांनी हात धुतले. घरमालकांकडून पंचांग मागवलं, कारण कचेरीत सगळ्या तारखा इंग्रजी. माझी वही उघडली. ते पंचांगातली तिथी वाचायचे, त्यावरून भरती की ओहोटी ते ठरवायचे आणि मग मी माझा शेरा वाचायचा. आकडा शेवटी.

"अमावास्येनंतरची प्रतिपदा. दुपारच्या सुमारास भरती."

"बगळे नाहीत."

"खोली दहा फूट चार. वर. बरोबर." कागदावर टिचकी. "अष्टमी. ओहोटी."

"नदीत बगळे."

"खाडीत," साहेब म्हणाले. "अकरा फूट दोन. बरोबर."

तिसरा बरोबर. चौथा, पाचवा, सहावा. साहेबांचा चेहरा उजळत गेला. मामा दारात येऊन उभे राहिले होते. साहेब पुटपुटले, "खाडी आत येत नाही. नुसती ढकलते. खडकाला कुठेतरी भेग आहे, खारं पाणी तिकडून रेटतं आणि वर गोडं पाणी उचललं जातं. आणि मी काळ्या पाषाणावर भरवसा ठेवून बसलो!" मग पुढे, "सातवा. पौर्णिमेच्या आधीची चतुर्दशी. भरती. शेरा?"

मी वही डोळ्यांजवळ धरून वाचलं. "बगळे नाहीत."

"खोली अकरा फूट सात?" साहेबांची पेन्सिल थांबली. "भरती आहे, बगळे नाहीत, आणि पाणी खाली? विहीर त्या दिवशी रजेवर होती का?"

मामा खाकरले. साहेब स्वतःच म्हणाले, "बायकांनी उपसा केला असेल बहुधा. फार उपसा होता का त्या दिवशी?"

गर्दी तर होतीच. 'हो' म्हणालो असतो तर तेही पुरतं खोटं झालं नसतं. आणि तिथेच सगळं मिटलं असतं. अजूनही कधी कधी मी त्या जागी उभा राहतो आणि माझ्याच उत्तराची वाट बघतो.

"नाही साहेब," म्हणालो. "तो आकडा माझा आहे. विहिरीचा नाही."

मी भीती सांगितली, करवत सांगितली. मामांचं नाव घेतलं नाही. त्यांनी सल्ला दिला होता, पेन्सिल माझ्या हातात होती.

"खरा किती होता?"

"दहा फूट नऊ."

"इतक्या दिवसांनी आठवतो?"

"साहेब, तोच एक आठवतो."

साहेबांनी पेन्सिलीने अकरा फूट सात वर काट मारली. मी म्हटलं, आता दहा नऊ लिहितील. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

"मोजलेलं लिहायचं," ते म्हणाले. "आठवलेलं लिहायचं नाही. हा रकाना रिकामा राहील." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवून खिडकीतल्या दगडांकडे बघितलं. "चूक नुसती तुमची नाही. आलेख बघितल्यावर माझ्या मनात आधी तुम्ही आलात. समुद्र नंतर आला. खरं तर उलट व्हायला हवं होतं. समुद्र जवळ होता."

नोकरीचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

होळीच्या पौर्णिमेला सुट्टी होती. साहेब मला म्हणाले, "चला." सूर्य उगवायच्या सुमारास आम्ही बावीवर होतो. दर अर्ध्या तासाने टेप सोडायची, मी मोजायचं, त्यांनी लिहायचं. गावात होळीची लाकडं रचणं चाललं होतं. पोरं यायची, बघायची, पळायची. म्हातारी आली आणि साहेबांना बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज सायब पन आला काय टेप सोडायला? मायच्या लेकावर इस्वास नाय?"

"विश्वास आहे आजी," साहेब हसून म्हणाले. "बावीवर नव्हता."

"बावीवर कनी ठेवा, सायबावर नका ठेवू," ती बायकांकडे बघून म्हणाली आणि सगळा घोळका हसला. साहेबही.

सकाळी चिखल, बगळे, पाणी खाली. मग दूर कुठेतरी चकाकी दिसली आणि चिखलातल्या चरांतून पाणी आत शिरायला लागलं. चर भरले. बगळे एकेक पाऊल मागे सरत शेवटी उडाले. मी टेप ओढून आकडा सांगायचो: अकरा फूट सहा, अकरा तीन, दहा फूट अकरा. प्रत्येक आकड्याला माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. सूर्य डोक्यावरून जरासा कलला तेव्हा बाव थांबली. दहा फूट नऊ. साहेबांनी टेप माझ्या हातून घेतली, स्वतः खडू घासला, स्वतः सोडली. ओला खडू बघितला, माझ्याकडे बघितलं. "दहा नऊ," म्हणाले. तो दिवस तोच नव्हता, आकडा योगायोगाने तोच आला होता, हे मला कळत होतं. तरी मी वळून बांधाकडे तोंड केलं, डोळे पुसायला.

म्हातारीने आम्हाला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकट दिली. साहेबांना सुकट तिखट लागली, ते पाणी पीत राहिले. "प्या, प्या," म्हातारी म्हणाली, "भरती हाय, कमी पडनार नाय." मग पाणी उतरायला लागलं आणि सूर्य मावळेपर्यंत आम्ही तेही मोजलं. होळी पेटली तेव्हा वही भरली होती. त्या सबंध दिवसात शेऱ्याचा रकाना साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतला. बगळे किती वाजता आले, किती वाजता उडाले, किती होते. पुढे त्यांच्या अहवालात एक ओळ आली की काठावरच्या पक्ष्यांच्या नोंदींमुळे निरीक्षणाची वेळ पडताळता आली. ती त्यांनी मला वाचून दाखवली. मी ती दोनदा वाचायला लावली.

होळीच्या त्या रात्री कचेरीत परतलो तेव्हा मामांनी स्वतः रांधून मला ताट वाढलं. समोर बसून म्हणाले, "माझं नाव का नाही घेतलंस रे?"

"लिहिलं मी होतं ना मामा."

"काऊन?" ते म्हणाले. पहिल्यांदाच नक्कल न करता.

मार्चअखेर यादी गेली. साहेबांनी बोलावून नुसतं सांगितलं, "तुमचं नाव दिलंय. बारामध्ये चुकता अधूनमधून, तेवढं शिका." मी त्यांना माझी पेरं दाखवली. त्यांनी स्वतःच्या बोटांवर अंगठा फिरवून बघितला, बारा मोजले, आणि म्हणाले, "अरे वा." मला तेवढंच आठवतं. कचेरीबाहेर येऊन मी तळ्याच्या त्याच पायरीवर बसलो आणि बराच वेळ नुसता श्वास घेत होतो. तेवढं काम तेव्हा पुरेसं होतं.

वैशाखात बायकोला आणायला गेलो. उन्हातून चालत गेलेलो. सासरे ओट्यावर बसले होते. मला पुढे ठेवल्याचं माझं पत्र त्यांना मिळालं होतं. उठले, आत गेले, तांब्या घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. मी तो लगेच तोंडाला लावला नाही. सवयीने आधी आत बघितलं. पाणी काठाखाली दोन बोटं होतं.